सोडण्याची चिठ्ठी

(बुधवार पेठेत झालेल्या स्मृती-व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



निमंत्रणपत्रिकेवर ‘अण्णांच्या स्मृत्यर्थ’ एवढंच छापलंय, आडनाव नाही. ही त्यांच्या घरच्यांची इच्छा. ज्यांना अण्णा ठाऊक होते त्यांना आडनाव नको, आणि ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना आडनावाने काही कळायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. अण्णांचं औषधांचं दुकान या पेठेत चाळीसेक वर्षं होतं. आतलं गिऱ्हाईक बाहेर पडल्याशिवाय बाहेरचं आत शिरू शकत नसे, एवढंच ते दुकान. लाकडी काउंटर, मागे छतापर्यंत खण, आणि काउंटरच्या वर अण्णांच्या हातची पाटी: ‘झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. चिठ्ठी असली तरी प्रश्न विचारले जातील.’

पुणेरी पाटी म्हणून लोक हसायचे आणि आत गेल्यावर कळायचं की अण्णा खरंच प्रश्न विचारतात. एकदा मी तिथे उभा असताना एक काकू आल्या. त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढली. ती लॅमिनेट केलेली होती. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. खाली डॉक्टरांची सही आणि वर एका गोळीचं नाव, ‘रात्री एक, पंधरा दिवस’. अण्णांनी ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, “काकू, पंधरा दिवस संपले का?”

काकू दुखावल्या. साहजिक आहे. त्यांनी चोरी केली नव्हती, कुणाला फसवलं नव्हतं. डॉक्टरांनी दिलेली गोळी डॉक्टरांच्याच चिठ्ठीवर त्या घेत होत्या. मला मात्र त्या चिठ्ठीकडे पाहताना माझ्या व्यवसायाची लाज वाटली. मी मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी गर्दीच्या ओपीडीत मीही शेकडो केसपेपरांवर ‘मागचंच चालू ठेवा’ असं लिहून पुढचा नंबर पुकारला आहे. गोळी सुरू कशी करायची हे मला सहा वर्षं शिकवलं गेलं. ती बंद कशी करायची हे मला पेशंटांनी शिकवलं, त्यातल्या काहींनी फार मोठी किंमत मोजून.

आज तेवढंच बोलायचं आहे. औषध सुरू करायला चिठ्ठी लागते, तशीच ते सोडायलाही लागते. ती सोडण्याची चिठ्ठी कशी असते, कोण लिहितं, आणि ती नसली की काय होतं, हा आजचा विषय.

एकच गोळी, तीन नावं

आपण बसलो आहोत ती पेठ विलक्षण आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा भरवली ती इथे, भिडे वाड्यात. त्याच वर्षी स्थापन झालेलं नगर वाचन मंदिर इथलंच. दगडूशेठचा गणपती, तांबडी जोगेश्वरी, तुळशीबाग, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, सगळं हाकेच्या अंतरावर. आणि त्याच हाकेच्या अंतरावर त्या गल्ल्या, ज्यांचं नाव सभ्य माणसं हलक्या आवाजात घेतात. रिक्षावाल्याला ‘बुधवारात सोडा’ म्हटलं की तो एकदा आरशात बघून घेतो, हा अनुभव इथल्या रहिवाशांना नवा नाही.

अण्णांच्या दुकानात या दोन्ही जगांतली माणसं यायची. वाड्यातली आजी यायची, तिला पहाटे तीनला जाग येते म्हणून. त्या गल्लीतली बाई यायची, तिला दिवसा झोपावं लागतं आणि दिवसा गल्लीत झोप लागत नाही म्हणून. दोघींना हवी असलेली गोळी बहुधा एकच, अल्प्राझोलाम. नाव मात्र एक नाही. घरात तिला ‘माझी ती छोटी गोळी’ म्हणतात. रस्त्यावर या जातीच्या गोळ्यांना ‘बटण’ म्हणतात. मालेगावात यंत्रमागांच्या वस्तीत तिचं नाव पडलं ‘कुत्ता गोळी’, आणि पोलिसांच्या पंचनाम्यांतून ते महाराष्ट्रभर झालं. रसायन तेच, पट्टी तीच. पण एकीला आपण ‘झोपेची तक्रार आहे’ म्हणतो, दुसऱ्याला ‘नशेडी’. आजीला औषध सोडायची गरज आहे असं कुणाला वाटत नाही, आणि मागावरच्या पोराला औषधोपचाराची गरज आहे असं कुणाला वाटत नाही. दोघंही उपचाराविना राहतात.

हे थोड्या माणसांचं दुखणं आहे असं समजू नका. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली आला. डॉक्टरी सल्ल्याबाहेर झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या घेणारे १० ते ७५ या वयोगटात साधारण १.०८ टक्के निघाले, म्हणजे एक कोटी अठरा लाखांच्या आसपास. अफूच्या कुळातली औषधं, म्हणजे वेदनाशामकं, खोकल्याची सिरप, इंजेक्शनं, नशेसाठी वापरणारे जवळपास एक टक्का. आणि बेकायदा पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्यांपैकी वीसांतल्या एकालाच कधीतरी कुठलातरी उपचार मिळालेला. काकू या मोजणीत नाहीतच. त्यांच्याकडे चिठ्ठी होती.

कात्रजचा उतार

गोळीने नेमकं काय होतं? आपल्या मेंदूत वेग वाढवणारी रसायनं आहेत तशी ब्रेक लावणारीही आहेत. ब्रेकचं मुख्य रसायन गाबा. १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम बाजारात आलं. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून निघालेलं हे कुळ म्हणजे बेन्झोडायझेपिन. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही त्यातलीच पुढची भावंडं. ही औषधं गाबाचा ब्रेक घट्ट करतात. धडधड थांबते, स्नायू सैल होतात, झोप येते. फिट थांबवायला, ऑपरेशनच्या आधी, तीव्र घबराटीत काही दिवस, यांच्यासारखं औषध नाही. त्यांना शिव्या देण्यासाठी मी उभा नाही.

पण मेंदू हिशेबी असतो. बाहेरून ब्रेक लागतोय म्हटल्यावर तो स्वतःचा ब्रेक ढिला करतो. काही आठवड्यांत तेवढ्याच गोळीने तेवढी झोप येत नाही. एकाची दीड होते, दीडाच्या दोन. आणि मग एके दिवशी कुणीतरी गोळ्यांच्या घातक परिणामांवर काहीतरी वाचतं, आणि बाणेदारपणे पट्टी कचऱ्यात फेकतं. जुन्या कात्रज घाटाच्या उतारावर भरलेला ट्रक आहे, त्याचे स्वतःचे ब्रेक झिजलेले आहेत, आणि तुम्ही बाहेरून लावलेला ब्रेकही काढून घेतलात. ट्रक कुठे जाईल?

हात कापतात, घाम फुटतो, आवाज टोचतात, उजेड टोचतो. झोप पार उडते. काहींना भास होतात, काहींना फिट येते, आणि ती फिट जीव घेऊ शकते. गंमत अशी की यातली बरीच लक्षणं मूळ तक्रारीसारखीच दिसतात. माणूस म्हणतो, “बघा, माझा आजार उसळला, म्हणजे गोळी लागतेच.” कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना मशाली बांधून शत्रूला भलतीकडे धाडल्याची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. गोळी पेशंटला आणि कित्येकदा डॉक्टरलाही अगदी तसाच घाट दाखवते. मशालींच्या मागे आपण जुना आजार शोधत पळतो, आणि खरं कारण दुसऱ्याच वाटेने निघून गेलेलं असतं.

इथे एक भेद सांगतो, कारण त्याने पुष्कळांच्या मनावरचा दगड उतरतो. शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. काकूंच्या शरीराला सवय झाली होती. त्या गोळीसाठी खोटं बोलत नव्हत्या, संसार विकत नव्हत्या. व्यसनात माणसाचं सगळं आयुष्य त्या पदार्थाभोवती फिरू लागतं, नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, पण काकूंना ‘व्यसनी’ म्हणून आपण फक्त त्यांचं तोंड बंद करतो. आणि तोंड बंद झालं की उपचार बंद.

‘टर्की’ म्हणजे काय

पुण्याला या विषयातलं शहाणपण शिकवलं ते येरवड्याने. ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, शहरात आली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली, पुढे ‘गर्द’ हे पुस्तक झालं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये पुढे केले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९८६ साली त्याच आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अनिताताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. काम चालू आहे, त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांच्या देखरेखीखाली, आणि स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभागही आहे.

गर्द सोडताना जे होतं त्याला तिथली मुलं ‘टर्की’ म्हणत. नाक गळतं, हाडं दुखतात, पोटात पिळा पडतो, अंगावर काटा येतो. टर्कीच्या भीतीनेच माणूस पुन्हा पुडीकडे जातो. तेव्हा टर्कीच्या दिवसांत औषध देऊन, हात धरून माणसाला पार करायचं हे पहिलं काम. त्याला आपण डिटॉक्स म्हणतो. मुक्तांगणने महाराष्ट्राला दाखवलं ते त्याच्या पुढचं. टर्की उतरली म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. त्यानंतर बोलणं, गटात बसणं, बायकोशी, आईशी नव्याने ओळख, पाठपुरावा, आणि या वाटेने आधी गेलेल्या माणसांनीच नवख्याचा हात धरणं. तिथले अनेक समुपदेशक स्वतः कधीकाळी तिथले पेशंट होते.

एक गोष्ट मात्र अधोरेखित करायला हवी. गर्दची टर्की भयंकर असते, पण धडधाकट माणसाचा जीव ती सहसा घेत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या यांचं तसं नाही. दीर्घकाळ, मोठ्या प्रमाणात घेतलेली ही दोन एकदम तोडली तर जीव जाऊ शकतो. आपल्याकडे उलटी समजूत आहे. गर्दवाल्याला कोंडून ठेवावं आणि गोळीवाल्याने मनोनिग्रह करावा! पुण्यात मनोनिग्रहाला फार मान. पण गाबाला तुमचा मनोनिग्रह कळत नाही.

पाऊणकी, निमकी, पावकी

आता जे सांगतो ते अण्णांच्या मुलांनी परवानगी दिली म्हणून सांगतो. प्रश्न विचारणाऱ्या अण्णांना प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. पत्नी गेल्यानंतर त्यांची झोप उडाली. खणातली गोळी हाताच्या अंतरावर होती. पहिल्या पंधरवड्यापुरती चिठ्ठी होती, पुढे नव्हती. काही वर्षांत रात्रीच्या एकाच्या तीन झाल्या, एक दुपारी, दोन रात्री. त्यांना स्वतःची चीड आली. सत्तरीच्या उंबरठ्यावर, एका सोमवारी, त्यांनी सगळ्या एकदम थांबवल्या. गुरुवारी सकाळी दुकानाचं शटर वर करताना ते फिट येऊन पडले. कपाळावर टाके पडले. चाळीस वर्षं औषधं विकलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. पण ते गिऱ्हाइकांसाठी ठाऊक होतं.

त्यांना दाखल करावं लागलं. दाखल कुणाला करायचं याचे साधे ठोकताळे आहेत: पूर्वी फिट आलेली, डोस मोठा, सोबत दारू किंवा दुसरं औषध, गरोदरपण, हृदयाचा मोठा आजार, आत्महत्येचे विचार, किंवा घरी बघायला कुणी नाही. बाकीच्यांचं काम घरी राहूनही होतं, नियमित भेटींच्या आधाराने.

पहिल्या दिवशी आम्ही पेशंटला सांगतो, घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणा आणि टेबलावर ओता. दोन डॉक्टरांनी एकाच औषधाच्या दोन ब्रँड दिलेले असतात. सर्दीची, पाठदुखीची, शेजारणीने दिलेली. खरा डोस टेबलावर कळतो, तोंडी सांगण्यात कळत नाही. रक्त, लिव्हर, किडनी तपासायची. मग थोडक्या वेळात उतरणारी गोळी बदलून बहुतेकांना डायझेपामसारखी लांब टिकणारी द्यायची. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण साधारण अकरा तासांत निम्मं होतं, म्हणून दोन डोसांच्या मध्येच ओढ लागते. डायझेपाम रक्तात कित्येक दिवस रेंगाळतं, त्यामुळे उतार सपाट होतो. लिव्हर बिघडलेलं असेल, वय फार असेल तर हाच रेंगाळणारा गुण अवगुण ठरतो, तिथे निराळी निवड करावी लागते. म्हणून हे घरी पुस्तक वाचून करायचं काम नाही.

पुढे कमी करणं. इंग्लंडात न्यूकॅसलला हीदर ॲश्टन या प्राध्यापिकेने १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं फक्त या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं आणि १९९९ साली त्यावरची पुस्तिका काढली. तिचं सार असं की वेग पेशंटच्या हातात असावा. आजच्या मार्गदर्शक सूचनाही दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के कमी करा, त्रास झाला तर थांबा, असंच सांगतात. म्हणजे महिने लागतात, कुणाला वर्षाहून जास्त.

अण्णांना तेरा महिने लागले. त्यांनी हिशेब कालनिर्णयवर ठेवला. आमच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकली होती. अण्णा म्हणायचे, “डॉक्टर, ही उलटी पाढ्यांची वही आहे.” पहिल्या महिन्यांत चौकोनांत ‘१’, मग ‘पाऊण’, मग ‘निम्मी’, मग ‘पाव’. मध्ये दोनदा गाडी थांबली. एकदा गणपतीत. बुधवारात राहणाऱ्या माणसाने ढोल-ताशाच्या दहा दिवसांत डोस कमी करायचा नाही, हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, तो आम्ही दोघांनी केला. दुसऱ्यांदा पत्नीच्या श्राद्धाच्या आठवड्यात.

सगळ्यात अवघड काय गेलं असेल? शेवटची पाव. रसायनाच्या दृष्टीने त्या पावात फारसं काही उरलेलं नसतं. पण ती रात्री उशाशी असते. पावाचीही पाव करून, ब्लेडने भुगा कापत, शेवटचे दोन महिने गेले. घाई केली असती तर पुन्हा पहिल्या पानावर आलो असतो.

वेदनेची गोळी, खोकल्याचं सिरप

अफूच्या कुळातल्या औषधांची तऱ्हा वेगळी. ट्रामाडॉल, कोडीनचं सिरप, पेंटाझोसीनचं इंजेक्शन. पाठीच्या मणक्यावरचं ऑपरेशन, मोडलेलं हाड, कंबर धरणारं काम, यातून सुरुवात होते. इथे महिनोन् महिने थेंबाथेंबाने कमी करण्यापेक्षा कित्येकदा ब्युप्रेनॉर्फिन हे जिभेखाली ठेवायचं औषध देऊन माणसाला स्थिर करणं जास्त सुरक्षित ठरतं. पण त्याची वेळ महत्त्वाची. टर्की सुरू झाल्यावरच पहिला डोस द्यायचा. आधी दिला तर ते आतल्या औषधाला ढकलून काढतं आणि तासाभरात भयानक टर्की उसळते. सरकारी ओएसटी केंद्रांत, म्हणजे नशेच्या पदार्थाऐवजी औषध देणाऱ्या केंद्रांत, हेच औषध डोळ्यांदेखत दिलं जातं. ट्रामाडॉल त्यातही दुतोंडी आहे. जास्त झालं तर त्यानेही फिट येते.

आणि एक धोका, जो घरच्यांना कुणी सांगत नाही. डिटॉक्स झालेल्या माणसाची सहनशक्ती संपलेली असते. पूर्वी पचवायचा तेवढा डोस आता त्याचा श्वास थांबवू शकतो. महिनाभर ‘क्लीन’ राहून घरी आलेला मुलगा पहिल्याच ‘स्लिप’मध्ये जातो, तेव्हा घरचे म्हणतात, “बरा झाला होता हो.” बरा झाला नव्हता, फक्त रिकामा झाला होता. डिटॉक्सनंतर पाठपुरावा नसेल तर काही बाबतींत आपण माणसाला आधीपेक्षा जास्त धोक्यात सोडतो.

रिकाम्या चौकोनांचं काय

म्हणून गोळी सुटत असतानाच दुसरं काम सुरू करायचं असतं. काकूंना झोप का येत नव्हती? त्या नऊला अंथरुणात पडायच्या आणि दुपारी दोन तास झोपायच्या. (एक ते चार हा आपल्या शहराचा प्राणप्रिय विषय आहे, त्यामुळे जपून बोलतो.) झोपेसाठीची वर्तन-उपचारपद्धती गोळीइतकी झटपट नाही, पण तिचा परिणाम टिकतो: रोज एकाच वेळी उठायचं, झोप आल्याशिवाय पलंगावर जायचं नाही, पडून तळमळण्यापेक्षा उठून बसायचं, अंथरुणातला वेळ आधी कमी करून मग वाढवायचा. काकूंनी चिडून केलं, पण केलं.

अण्णांची गोष्ट वेगळी होती. ते पत्नीबद्दल कधी कुणाशी बोललेच नव्हते. गोळी त्या न बोललेल्यावर ठेवलेलं झाकण होती. ‘निम्मी’च्या सुमाराला झाकण सरकलं आणि एका दुपारी माझ्या खोलीत ते लहान मुलासारखे रडले. त्या दिवशीच्या चौकोनात त्यांनी डोस लिहायचं विसरून ‘ही’ एवढंच अक्षर लिहिलं होतं. ते पत्नीला कुणासमोर ‘ही’ म्हणत.

मग म्हातारपणी हा खटाटोप कशाला, असं मुलं विचारतात. चालू दे की आईची गोळी! कारण रात्री बाथरूमला उठलेली गुंगीतली आई पडते आणि खुब्याचं हाड मोडतं. कारण तिला विसरायला होतं आणि आपण तिला स्मृतिभ्रंश म्हणून मोकळे होतो. डोस उतरल्यावर चेहऱ्यावर परत आलेली चमक मी पुष्कळदा पाहिली आहे. सगळ्यांचीच गोळी सुटते असंही नाही. काहींना अगदी थोड्या डोसावर, देखरेखीखाली ठेवणं हाच शहाणपणा. तोही निर्णय लिहून, विचारून घ्यायचा. लॅमिनेट करून नव्हे.

रजिस्टर आणि कुलूप

कायदा आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात यातली बरीच औषधं आहेत, २०१८ साली ट्रामाडॉलही त्यात आलं. १ मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ ही यादी लागू झाली. त्यातलं औषध देताना दुकानदाराने डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपायची. अण्णा हे रजिस्टर मोत्यासारख्या अक्षरात लिहायचे. ही नोंद म्हणजे पेठेची नाडी आहे. कुणाचा डोस वाढतोय, कोण तीन डॉक्टरांकडे जातंय, हे सगळ्यात आधी दुकानदाराला दिसतं. पण ते कुणाला सांगायचं, याची वाट आपण त्याला दिलेली नाही.

नुसता पुरवठा तोडणं हा उपाय नाही. मालेगावात छापा पडतो, पट्ट्या जप्त होतात, फोटो येतात. दुसऱ्या दिवसापासून ज्यांच्या गोळ्या बंद झाल्या त्यांचं काय? कुणाला फिट येते, कुणी दारूकडे वळतं. छापा घालणाऱ्या गाडीच्या मागे उपचाराची गाडी असायला हवी. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये उपचारासाठी स्वतःहून पुढे आलेल्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे, हे किती पोलिस चौक्यांवर, किती घरांत माहीत आहे?

आणि कुलूपबंद केंद्रांबद्दल. ‘व्यसनमुक्ती’ची पाटी लावून मारहाण करणारी, कोंडून ठेवणारी ठिकाणं आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू-औषधांशी निगडित मानसिक स्थितींना मानसिक आजारात धरलं आहे आणि माणसाला साखळदंडाने बांधायला पूर्ण मनाई केली आहे. दाखल करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. रात्री डॉक्टर किंवा नर्स असते का? नोंदणी आहे का? आम्हाला भेटता येईल का? आणि घरी आल्यावर पुढचं वर्षभर कोण बघणार? चौथ्या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याकडे नेऊ नका. कुठे जावं ते सुचत नसेल तर १४४१६ या सरकारी ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

तिसरी ओळ

माझ्या डॉक्टर मित्रांना एक विनंती. या कुळातली गोळी लिहाल त्या दिवशीच, त्याच कागदावर, ती थांबवायची तारीख लिहा. लॅमिनेट करणारा ती तारीखही लॅमिनेट करेल. दुकानदारांना विनंती, ‘पंधरा दिवस संपले का?’ एवढं विचारा. आणि घरच्यांना विनंती, पट्टी लपवू नका, फेकू नका, मोजा. रागाने फेकलेल्या पट्टीने अण्णांचं कपाळ फुटलं होतं.

तेरा महिन्यांनंतर अण्णांनी मला दुकानात बोलावलं. कालनिर्णयचा तो महिना कोरा होता. त्यांनी ते पान फाडून मला दिलं नाही, ते त्यांनी खणात ठेवलं, जिथे पूर्वी त्या पट्ट्या असायच्या. मग त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. दोन ओळींच्या खाली, त्याच हाताची पण जरा थरथरती, तिसरी ओळ रंगवली होती. आणि त्या दुकानात, जिथे दोन माणसांना उभं राहायची पंचाईत, काउंटरच्या आत त्यांनी एक लाकडी खुर्ची कशीबशी बसवली होती.

तिसरी ओळ होती: ‘सोडायची असेल तर बसून बोलू.’

काकू त्या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या.